फडाची वही कुणाच्या दप्तरात?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्याविषयी लिहिणारे बहुतेकजण एक प्रसंग सांगतातच. गरोदर विठाबाई नाचता नाचता पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. पांढरपेशा लेखणीला यात कलेवरची निष्ठा दिसते. त्या रात्रीची सुपारी कितीची होती, अंगावर उचल किती होती, खेळ मोडला असता तर फडातली किती पोटे उपाशी राहिली असती, हे तिला विचारावेसे वाटत नाही. ही उत्तरे दंतकथेत नसतात. ती असलीच तर फडाच्या वहीत असतात.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. यात्रांच्या हंगामात तिथे फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या ठरवतात. या व्यवहारातून कागद तयार होतो: करार, बयाण्याची पावती, उचलीचा हिशेब, वगाची वही. १९५८ च्या कायद्याने खालसा झालेल्या महार वतनाचे कागदही अशाच पत्र्याच्या पेट्यांतून वाळवीची वाट पाहतात. (याच जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे सुमारे दोन हजार वर्षे टिकली. दगडावर नाव कोरायला गाठीला धन लागते.)

चां. भ. खैरमोडे यांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला, म्हणून पुढच्या अभ्यासकांना आंबेडकरी चळवळ तिच्या स्वतःच्या कागदांतून वाचता आली. पण खैरमोडे बाबासाहेबांचे चरित्रकार होते. काय जपायचे हे ते जाणत होते. फडमालकिणीच्या घरी चरित्रकार नसतो. शैलजा पैक यांनी २०२२ च्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांचा इतिहास मांडला, हे मोठेच काम आहे. मात्र एकट्या अभ्यासकाने किती पेट्या उघडायच्या?

हे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आहे. अट एवढीच की कागद नेताना घराला प्रत मिळावी, आणि सूचीत 'लोककला' असे गोंडस नाव चिकटवून वहीतली जात, उचल आणि बाईचे नाव पुसले जाऊ नये. तशी हमी नसेल तर पेटी घरीच राहिलेली बरी, असे म्हणणाऱ्या कुटुंबाला आम्ही अडाणी म्हणणार नाही.

जुन्नर-आंबेगावच्या महाविद्यालयांच्या प्रवेशनोंदवह्याही याच दप्तरात हव्यात. फडातले पोर पहिल्यांदा कॉलेजात आले तेव्हा पालकाच्या व्यवसायाच्या रकान्यात 'तमाशा' लिहिले गेले की 'मजुरी', हे त्या वह्या रद्दीत जाण्याआधीच पाहावे लागेल.