मका खरा, पत्ता खोटा

स्टीव्हन स्पिलबर्गच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ (१९७७) मध्ये भारतातला एक प्रसंग आहे. मोठा जमाव पाच सुरांची एकच धून गातोय. हे सूर आले कुठून, असं विचारल्याबरोबर सगळ्यांची बोटं आभाळाकडे उठतात. त्या घडीला पडद्यावर एकही यान नाही, तरी अंगावर काटा येतो. सिनेमात ही जागा उत्तर भारतातली धर्मशाळा म्हणून सांगितली आहे. चित्रण मात्र झालं मुंबईच्या पलीकडे, खालापूरजवळच्या हाळ गावी.

विज्ञानपटातली जागा खरी हवी की संगणकावर रचलेली, हा वाद निघाला की आपण लगेच खऱ्याची बाजू घेतो. मीही घेते. पण हाळचं काय? माती खरी, ऊन खरं, माणसं खरी, आणि पत्ता तेवढा खोटा. संगणकावर गाव रचलं तर निदान कोण्या गावाचं नाव तरी पुसलं जात नाही.

‘इंटरस्टेलर’ (२०१४) साठी क्रिस्टोफर नोलननं कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात सुमारे ५०० एकर मका खरोखर पेरला. धुळीचं वादळही मोठाले पंखे लावून तिथंच उठवलं. मका पुढे विकला आणि त्यात पैसे सुटले, असं नोलननंच सांगितलंय. आमच्या रामाकोन्याकडे पऱ्हाटी अन् संत्र्यावर वर्ष काढणाऱ्या माणसाला हे सांगा. तो सिनेमा बाजूला ठेवून आधी एकरी उतारा विचारेल! पण गाडी त्या उभ्या पिकात घुसते तेव्हा हाच माणूस हळहळेल, “अरे बापा, सारं पीक तुडवलं ना!” पृथ्वीवरचं धान्य संपत चाललंय, ही त्या सिनेमाची गोष्ट. ती हळहळ वाटली नाही तर पुढचा अंतराळ प्रवास कशासाठी?

त्याच सिनेमातलं कृष्णविवर मात्र संगणकाचं आहे, किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाच्या समीकरणांवरून काढलेलं. तिथं कोणी उभं राहिलेलं नाही, तेव्हा गणितावर विसंबणंच प्रामाणिक. ही वाटणी मला पटते.

‘कल्की २८९८ एडी’ (२०२४) मध्ये ती बिघडते. तिथली काशी सेट आणि संगणक मिळून उभी केलेली. गंगा आटलेली, वर अधांतरी उलटा पिरॅमिड. पिरॅमिडला माझी काहीच हरकत नाही, तो देखणा आहे. पण काशीला माणसं हजारो वर्षं राहताहेत, आणि गंगा आटल्याचं दुःख माझ्यापर्यंत पोचलंच नाही. ती नदी नुसती मागच्या पडद्यासारखी पडून राहते. आटलेल्या पात्रात केवढी कामं चालतात, हे आमच्याकडच्या लेकरांनाही ठाऊक असतं. वाळूत झिरा खणून बाई वाटीवाटीनं पाणी भरते, ओल धरून राहिलेल्या पट्ट्यात डांगरवाडी लावतात, गुरं वास घेत घेत डोहाकडे जातात.