वही कुठे गेली?

नायकाच्या दारात मृत्यू येऊन उभा राहिला की तो पहिल्यांदा काय करतो, यावरून मी नाटककाराची पारख करतो. ३६ वर्षं सरकारी हिशेब तपासण्यात घालवलेल्या माणसाकडून याहून वेगळी समीक्षा कोणी अपेक्षूही नये. या कसोटीला 'एव्हरीमन' हे पंधराव्या शतकाच्या अखेरचं इंग्रजी नाटक असं काही उतरतं, की ते लिहिणारा अनामिक गृहस्थ आमच्याच खात्यातला असावा, अशी मला दाट शंका आहे. ते एका डच नाटकावरून घेतलं असावं असं पंडित म्हणतात. असेना! हिशेबाला डचही पक्केच.

मृत्यू एव्हरीमनला, म्हणजे तुम्हाआम्हा कोणालाही, सांगतो : चल, आणि येताना हिशेबाची वही आण. यावर हा पठ्ठ्या काय करतो? हजार पौंड देऊ करतो! पंधराव्या शतकातले हजार पौंड बरं का. मृत्यू खात नाही हे कळल्यावर मुदतवाढ मागतो. आणखी बारा वर्षं मिळाली तर वही कशी लख्ख करून ठेवीन, म्हणतो. आधी पाकीट, मग मुदतवाढ. माझ्या नोकरीत मी हाच क्रम पाहिला.

मग तो सोबत शोधायला निघतो. मित्र खायला-प्यायला, वेळ पडली तर एखाद्याचा मुडदा पाडायलाही तयार, पण या प्रवासाला नाही. चुलतभावाच्या पायाच्या बोटात नेमका त्याच दिवशी गोळा येतो. धनदौलत तर पेट्यांतून आणि थैल्यांतून अशी ठासून भरलेली, की तिला जागचं हलताच येत नाही. आपला वाल्या कोळीही बायकोमुलांना 'माझ्या पापात वाटेकरी होता का' म्हणून विचारायला घरी गेला होता. त्याला मिळालेलं उत्तर आणि हे उत्तर एकच. शेवटी उरतं सत्कर्म, आणि तेही जमिनीवर पडलेलं! त्याची मुळी उपासमारच झालेली. उभं राहायचं त्राण नाही. वहीतली जमेची बाजू अशी अंथरुणाला खिळलेली दाखवणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे लेकीकडे अमेरिकेत गेलो असताना तिथल्या एका विद्यापीठात मुलांनी केलेला या नाटकाचा नवा अवतार. ब्रँडन जेकब्ज-जेन्किन्स यांचं 'एव्हरीबडी' २०१७ साली न्यूयॉर्कला प्रथम आलं आणि तेव्हापासून तिथल्या कॉलेजांचं लाडकं झालं आहे. त्याची करामत अशी की पाच नटांच्या भूमिका रोज प्रेक्षकांसमोर सोडत काढून ठरतात. प्रत्येकाने पाचही भूमिका पाठ करायच्या. मरायचं कोणी ते चिठ्ठी ठरवणार. वाटण्या एकशेवीस होतात. (मी तिथल्या तिथे तिकिटाच्या पाठीवर गुणाकार करून पाहिला. बरोबर आहे.) आणि सुरुवातीला 'मोबाइल बंद करा' म्हणून दटावणारा जो डोअरकीपर, तोच पुढे देव निघतो. ही कल्पना मला मनापासून पटली. नाट्यगृहात त्याच्याइतका सर्वाधिकारी दुसरा असतो कोण?

त्या रात्री चिठ्ठी एका किडकिडीत, चष्मेवाल्या मुलीची निघाली. तिचा चेहरा खर्रकन उतरला, आणि तो अभिनय नव्हता. विशी-एकविशीच्या पोरांना मरण काय कळणार, असं मनात धरून मी बसलो होतो. मरण कळायला नकोच होतं. आपलं नाव निघालं आणि बाकीच्या चौघांचं नाही, एवढं त्या पोरीला पुरलं. मध्यावर ती अडली. समोर मित्राचं काम करणारा दांडगा पोरगा उभा. त्याच्या भूमिकेप्रमाणे त्याने तिला वाऱ्यावर सोडायचं होतं. त्याने ओठ न हलवता तिला तिचं वाक्य दिलं, आणि मग सोडलं. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो म्हणून ऐकू आलं.

दिग्दर्शकाबद्दल मात्र तक्रार आहे. सांगाड्यांचे मुखवटे, निळा धूर, मधूनच काळजाचा ठोका चुकवणारं ढोलकं. एवढ्या सामग्रीत त्या पोरीचा चेहराच दिसेना.

आणि मोठी तक्रार लेखकाबद्दल. वही गेली! इथला मृत्यू सांगतो, देवापुढे आयुष्याचं प्रेझेंटेशन द्यायचं आहे. अहो, ऑडिटला वही लागते. प्रेझेंटेशन संचालक मंडळापुढे चालतं. सत्कर्माच्या जागीही प्रेम आणून बसवलंय. ते त्या पोरीला रंगमंचाभोवती पळवतं, दमवतं आणि मग बरोबर यायला कबूल होतं. प्रेक्षकांना गहिवरून आलं. माझ्या लेकीनेही डोळे टिपले.

मी नाही टिपले. सौ. जाऊन चार वर्षं झाली. तिच्या कपाटात घरखर्चाच्या वह्या निघाल्या. दूध, पेपर, गॅस, आणि मधूनच 'भांडीवालीच्या मुलाची पुस्तकं, १२ रु.', 'खालच्या आजींचं औषध, ४० रु.' पुढे येण्याचा रकाना कोरा. मी या घरात राहत होतो, हिशेब तपासणं हा माझा धंदा होता, आणि यातलं मला काही ठाऊक नव्हतं. तिच्या प्रेमाबद्दल कोणी विचारलं तर मी काय सांगू? आम्ही तो शब्द कधी वापरला नाही. पण चाळीस रुपयांची नोंद आहे. तारखेसकट आहे. म्हणून म्हणतो, जुना लेखक मोठा. त्याने विचारलं ते दाखवता येण्यासारखं विचारलं.

लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला नाटकातसुद्धा व्हाउचर लागतं." लागतं.

दुसऱ्या रात्री मी एकटाच पुन्हा गेलो. या वेळी चिठ्ठी त्या दांडग्या पोराची निघाली. वाक्य न् वाक्य पाठ, आवाज खणखणीत, टाळ्यांवर टाळ्या. आणि नाटक पार मेलेलं. चष्मेवाली मुलगी त्या दिवशी सामानसुमान झाली होती. त्याला टाकून जाताना ती अगदी पोट धरून हसत होती.