‘दशावतार’ आणि रौद्र रस

ज्या गायनांत शब्द उमगत नाहींत आणि कंठांतून स्वराऐवजीं घरघर निघते, त्यास गायन म्हणावें काय? आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें उत्तर ठरलेलेंच असेल. तरीहि मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या वाद्यवृंदाची ‘दशावतार’ ही २०१७ सालची ध्वनिमुद्रित कृति त्यांनीं एकवार ऐकावी. साहिल माखिजा यांनीं २००० सालीं हा वृंद स्थापिला. ती कृति एका विद्यार्थ्यानें आम्हांस आणून दिली, तीहि प्रसिद्ध होऊन कित्येक वर्षें लोटल्यावर.

आकुर्डीसारख्या यंत्रांच्या गांवीं राहणाऱ्यास हें संगीत अगदींच परकें वाटूं नये. मूळ ‘हेवी मेटल’ बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरांतलें. तेथील टोनी आयोमी या तरुणाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें पत्र्याच्या कारखान्यांत तुटलीं. बोटांस टोपणें घालून तो गिटार वाजवूं लागला, आणि ताण सोसेना म्हणून पुढें त्यानें तारा सैल केल्या. त्या जड, खर्जांतल्या नादाचा उगम असा जखमेंत आहे. १९९० नंतर स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील ‘ॲट द गेट्स’, ‘इन फ्लेम्स’ इत्यादि मंडळींनीं त्याच्या कर्कश शाखेस सुरावट जोडली. हेंच ‘मेलोडिक डेथ मेटल’. यांत स्वरतंतूंच्या वरच्या घड्या कंप पावतात, म्हणून गळ्यास निश्चित स्वर लागत नाहीं; तो आघात तेवढा करितो. गातात त्या गिटारी, पुष्कळदां दोन, एकमेकींपासून तिसऱ्या स्वराच्या अंतरावर. हें ध्यानांत आलें कीं कान गळा सोडून तारांकडे वळतो, आणि जेथें नुसता गोंगाट होता तेथें चाल सांपडते.

‘दशावतारां’त मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गीतें आहेत, घरघरीच्या जोडीस स्वच्छ गायनहि आहे. देवांचीं नांवें अशा कंठांतून यावीं हें सोंवळ्या मनास खटकेल. पण कोंकणांतील दशावतारी खेळांत संकासुराचें काळें सोंग देवळाच्याच आवारांत नाचतें. आणि खांब फोडून येणारा नरसिंह भूपाळीच्या सुरांत कसा यावा?

आमचा आक्षेप निराळा आहे. रौद्र रसास उठाव येतो तो शांताच्या शेजारीं. परशुराम, मुरलीधर आणि बुद्ध यांस एकाच मुशींत ओतलें कीं अवतार दहा होतात, व्यक्ति मात्र एकच उरते. उत्तरार्धांत स्वच्छ गळ्यास अधिक मोकळीक द्यावयास हवी होती. नववा अवतार म्हणून विठ्ठलास बसविण्याची आमच्याकडील परंपरा येथें स्वीकारली असती, तर करुणेस जागा करणें भागच पडलें असतें. पदें इंग्रजींत आहेत, यामुळें घरची कथा पाहुण्यांस सांगितल्यासारखी वाटते. मात्र इंग्रजी विद्येवर पोसलेल्या आम्हीं ही तक्रार फार ताणूं नये.

नवख्या श्रोत्यानें चौथ्या गीतापासून, म्हणजे नरसिंहापासून, आरंभ करावा. आवाज बेताचा ठेवावा. नाहींतर शेजारच्या मंडळींचें मत आपल्या आधींच बनेल.