घोड्याच्या चाऱ्याचा हिशेब

सध्या एक स्वप्न फार विकलं जातं. डोंगरात घर, खिडकीशी टेबल, बाहेर दोन घोडे, आणि दिवसभर लिहायचं. इन्स्टाग्रामवर असा फोटो आला की त्याखाली बहुतेक वेळा एक लिंक असते. तीन दिवसांची लेखन कार्यशाळा, राहणं-जेवण धरून इतकी फी, जागा मोजक्या. फोटो बघणाऱ्याला वाटतं की लेखक तिथे राहतो म्हणून लिहितो आणि अधूनमधून हौस म्हणून शिकवतो. खरी साखळी पुष्कळदा उलटी असते. तो शिकवतो, म्हणून त्याला तिथे राहता येतं. लिहिण्याचं काम उरलेल्या वेळात होतं.

ही उलटी साखळी बऱ्यापैकी उघडपणे दाखवणारं एक पुस्तक म्हणजे पॅम ह्यूस्टनचं 'डीप क्रीक'. ते २०१९ साली अमेरिकेत आलं. उपशीर्षकात उंच मुलखातल्या आशेची भाषा आहे, त्यामुळे ते निसर्गलेखनाच्या आणि 'हीलिंग'च्या कप्प्यात पडलं. वडिलांच्या मारहाणीत गेलेलं बालपण, दारूच्या आहारी गेलेली आई, आणि मग कोलोरॅडोच्या पहाडात सापडलेली स्वतःची जागा, अशी त्याची ओळख करून दिली जाते. ती चूक नाही. पण मला हे पुस्तक सर्वांत खरं वाटलं ते हिशेबाच्या पानांवर, आणि सर्वांत कच्चं वाटलं ते हिशेब सोडून दिलेल्या पानांवर.

आधी हिशेब. १९९२ साली ह्यूस्टनचा 'काउबॉइज आर माय वीकनेस' हा कथासंग्रह आला आणि भरपूर गाजला. पुढच्या वर्षी, तिशीच्या आसपास असताना, तिने क्रीड या छोट्या गावाजवळ १२० एकरांचं रँच बघितलं. रिओ ग्रांदे नदीच्या उगमाजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ९,००० फुटांवर. हातात होते २१,००० डॉलर, म्हणजे किमतीच्या साधारण पाच टक्के. ते पैसे आणि पुस्तकाची एक सही केलेली प्रत एवढ्यावर मालकीणबाईंनी व्यवहार मान्य केला, बाकीची रक्कम हप्त्यांनी घ्यायची तयारी दाखवली. पहिलं पुस्तक जोरात चाललेल्या लेखिकेकडे सुद्धा पाच टक्केच होते, हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. उरलेले पंचाण्णव टक्के कुठून आले, हा या पुस्तकाचा पोटातला विषय आहे.

घर विकत घेणं ही एकदाची गोष्ट असते. जनावरं रोज खातात. साध्या घोड्याचं वजन ४५० ते ५०० किलो धरलं, तर तो रोज वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास चारा खातो, म्हणजे नऊ-दहा किलो. त्या उंचीवर कुरणात खाण्यासारखं काही नसण्याचे दिवस वर्षातले दोनशे धरले, तर दोन घोड्यांसाठी चार टन वाळलेलं गवत थंडीआधी कोठारात हवं. हे गणित माझं आहे, पण पुस्तकातली काळजी याच जातीची आहे. गवत किती आहे, लाकूड किती फोडून झालंय, पाणी गोठलंय का, बर्फातून गाडी निघेल का. घोड्यांशिवाय मेंढ्या आहेत, गाढवं आहेत, मोठाले आयरिश वुल्फहाउंड कुत्रे आहेत. त्यातल्या कोणालाही या महिन्यात मानधन उशिरा येणार आहे हे सांगून उपयोग नसतो. लेखकाचं उत्पन्न तुकड्यांनी येतं आणि खर्च रोजचा असतो. पगार एक तारखेला आणि ईएमआय पाच तारखेला अशा सरळ रेषेत जगणाऱ्या माझ्यासारखीला ही अस्वस्थता वाचताना प्रत्यक्ष जाणवते, कारण इथे दोन्ही तारखा रोज हलतात.

मग पैसा येतो कुठून? मासिकांतले प्रवासलेख, आणि मुख्य म्हणजे शिकवणं. ह्यूस्टन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये शिकवत आली आहे. क्रीडपासून डेव्हिस रस्त्याने हजार मैलांहून लांब. सँटा फे इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकन इंडियन आर्ट्समध्ये ती मेंटर आहे. 'रायटिंग बाय रायटर्स' ही संस्था तिने इतरांसोबत उभी केली, तिच्या कार्यशाळा कॅलिफोर्नियातल्या टोमालेस बेपासून फ्रान्समधल्या शामोनीपर्यंत होतात. म्हणजे रँच टिकवण्यासाठी रँच सोडून जावं लागतं. ती नसताना जनावरं सांभाळायला दुसरं कोणीतरी तिथे राहतं. ज्या जागेवर ती पुस्तक लिहिते, त्या जागेपासून दूर राहणं ही त्या जागेची किंमत आहे. हे ती लपवत नाही, आणि एकाच जागी घट्ट रुजलेल्या लेखकाची जी प्रतिमा निसर्गलेखनाने जपली आहे तिला यामुळे चांगलाच धक्का बसतो.

याचा परिणाम पुस्तकाच्या बांधणीवरही दिसतो. ह्यूस्टन विद्यार्थ्यांना एक पद्धत शिकवते. बाहेर फिरताना एखादी ठोस गोष्ट आपलं लक्ष खेचते, लुकलुकते. तिचा अर्थ लगेच लावायचा नाही. फक्त अचूक टिपून ठेवायची. असे तुकडे पुरेसे साठले की शेजारी शेजारी ठेवून बघायचे. २०१२ सालची 'कंटेंट्स मे हॅव शिफ्टेड' ही तिची कादंबरी अशाच १४४ छोट्या प्रकरणांची आहे. 'डीप क्रीक'मध्ये मोठ्या निबंधांच्या मधे 'रँच अल्मनॅक' नावाचे छोटे तुकडे येतात, तेही याच घडणीचे. ते सुंदर आहेत. एखादी सकाळ, एखादं आजारी जनावर, तापमानाचा आकडा, संपलं. मोबाइलवर वाचणाऱ्याला ते लगेच आवडतील.

पण इथेच मला एक शंका येते. तुकड्यांची पद्धत चार दिवसांच्या कार्यशाळेत शिकवायला सोयीची आहे. विद्यार्थी दोन पानं घेऊन घरी जातो आणि त्याला काहीतरी हाती लागल्यासारखं वाटतं. वर्षभराची कादंबरीची चिकाटी चार दिवसांत देता येत नाही. त्यामुळे प्रश्न पडतो, लेखक जे शिकवून पोट भरतो ते हळूहळू त्याच्या लिहिण्याला वळण लावतं का? अल्मनॅकचे तुकडे वाचताना काही ठिकाणी मला वाटलं की हो. प्रसंग नेमका, शेवट नेमका, आणि मधे जे कंटाळवाणं पण आवश्यक असतं ते गायब.

या शंकेला उत्तर पुस्तकच देतं, आणि ते आगीच्या भागात. जून २०१३ मध्ये त्या भागात विजा पडून वेस्ट फोर्क कॉम्प्लेक्स नावाची आग लागली. स्प्रूसची झाडं आधीच भुंगेऱ्यांनी पोखरून वाळवून ठेवली होती. शेवटी १ लाख ९ हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळालं. ह्यूस्टन या आगीची रोजनिशी लिहिते. इथे लुकलुकणारे तुकडे पुरत नाहीत. वारा कुठून, आग किती मैलांवर, कोणता रस्ता बंद, जनावरं कधी हलवायची, हे क्रमाने सांगावंच लागतं. या पानांत कुठेही उपमा काढायला फुरसत नाही, आणि म्हणूनच हा भाग पुस्तकात सर्वांत वरचा आहे. कार्यशाळेत सहज शिकवता येणार नाही असं लिहिणं तिला येतं, हे इथे सिद्ध होतं.

आता कच्च्या बाजूकडे. चाऱ्याचा, लाकडाचा, बर्फाचा हिशेब जितक्या बारकाईने येतो, तितक्या बारकाईने फी भरणारे विद्यार्थी येत नाहीत. विद्यार्थ्यांबद्दल माया आहे, अभिमान आहे. पण रँचच्या जमाखर्चात जमेच्या बाजूला ते बसतात, त्या खुर्चीवर ते फारसे दिसत नाहीत. कोण येतं? सुट्टी टाकून कोण येऊ शकतं? पाच वर्षं कार्यशाळा करून पुस्तक न झालेल्या माणसाचं काय होतं? जमिनीने मला वाचवलं हा सूर पुस्तकभर आहे आणि तो खोटा नाही. पण जमिनीला कोणी वाचवलं याचं अर्धं उत्तर 'माझ्या कष्टांनी' असं आहे, तर उरलेलं अर्धं 'शिकायला आलेल्यांच्या पैशांनी' असं आहे. हा दुसरा अर्धा भाग आशेच्या भाषेत विरघळून जातो.

ही फक्त ह्यूस्टनची गोष्ट नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात रँचवर पैसे देणारे पाहुणे ठेवण्याचा धंदा १८८० च्या दशकापासून आहे. डाकोटा प्रदेशात ईटन बंधूंच्या रँचवर पूर्वेकडची मित्रमंडळी येऊन मुक्काम ठोकायची, आणि पुढे त्यांच्याकडून पैसे घेतले जाऊ लागले. यातून 'ड्यूड रँच' हा प्रकार तयार झाला. नुसत्या गुरांवर भागत नाही, मग गुराखी असण्याचा अनुभव विकायचा. नुसत्या पुस्तकांवर भागत नाही, मग लेखक असण्याचा अनुभव विकायचा. तर्क एकच आहे.

घोडे आणि लेखन कार्यशाळा यांचं जुनं नातं बघायचं तर पूर्वेला व्हरमाँटमध्ये जावं लागेल. जोसेफ बॅटेल नावाचा तिथला मोठा जमीनमालक मॉर्गन जातीच्या घोड्यांसाठी वेडा होता. त्याने त्यांच्या वंशावळीची नोंदवही तयार केली, आणि आपलं घोड्यांचं फार्म १९०७ साली अमेरिकी सरकारला देऊन टाकलं. मोटारींचा त्याला इतका राग की स्वतःच्या वर्तमानपत्रात तो मोटार अपघातांच्या बातम्या आवर्जून छापायचा. डोंगरात ब्रेड लोफ नावाचं त्याचं विश्रामगृह होतं. १९१५ साली तो वारला तेव्हा ते आणि भोवतालची जमीन मिडलबरी कॉलेजला मिळाली. तिथे १९२० मध्ये इंग्रजीची उन्हाळी शाळा आणि १९२६ मध्ये लेखकांचं संमेलन सुरू झालं. आजच्या निवासी लेखन कार्यशाळांचा हा एक मूळ नमुना. तिथे अनेक दशकं एक खास शिष्यवृत्ती होती. निवडलेल्या तरुण लेखकांनी जेवणाच्या वेळी टेबलांवर वाढायचं, आणि त्या बदल्यात संमेलनाला बसायचं. कोण फी भरतं, कोण वाढतं आणि कोण व्याख्यान देतं, हे तिथे रोज जेवणाच्या वेळी उघड दिसायचं. 'डीप क्रीक'मध्ये हे टेबल दिसायला हवं होतं.

मेंटरशिपचीही अशीच एक वंशावळ आहे. व्हरमाँटमधल्याच गॉडर्ड कॉलेजात १९७६ साली कवयित्री एलन ब्रायंट व्हॉइट यांनी असा अभ्यासक्रम उभा केला की विद्यार्थी थोडे दिवस एकत्र येतील आणि बाकीचं सत्र घरी राहून, पत्राने लिखाण पाठवत एका लेखकाबरोबर काम करतील. नोकरी, मुलं, संसार सांभाळणाऱ्यांना यामुळे दार उघडलं. आजची झूमवरची मेंटरशिप ही त्याचीच नात. गॉडर्ड कॉलेज मात्र २०२४ साली बंद पडलं. दार उघडून देणाऱ्यालाही भाडं चुकत नाही.

म्हणून मला मेंटरशिप हा शब्द ऐकून नाक मुरडणारे लोक पटत नाहीत. मराठीत हिशेब याहून सोपा आहे. समजा ३०० रुपयांचं पुस्तक, हजार प्रतींची आवृत्ती, दहा टक्के रॉयल्टी. सगळ्या प्रती संपल्या तर ३०,००० रुपये, तेही काही वर्षांत. आपल्याकडे लेखकांनी बहुतेक वेळा दुसरा व्यवसाय केला. अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रात कला दिग्दर्शक होते, कितीतरी जण प्राध्यापक होते. दिलीप चित्रे १९७० च्या दशकात आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात जाऊन राहिले, पण तशी व्यवस्था इथे उभी राहिली नाही. आज तिशीतल्या एखाद्या कवीने जीपेवर फी घेऊन सहा आठवडे कविता शिकवली, तर त्यात कमीपणा काय? प्रश्न तो काय विकतो याचा आहे.

माझ्या कामात कोड रिव्ह्यू रोजचा असतो. ज्युनिअरने लिहिलेलं सीनिअर ओळीओळीने वाचतो, आणि शेवटी टेस्ट पास होतात किंवा होत नाहीत. कथेला टेस्ट नाही. त्यामुळे लेखनाच्या मेंटरला विकण्यासारखी एकच प्रामाणिक वस्तू उरते. ती म्हणजे लक्ष. तुझी वीस पानं मी नीट वाचेन, कुठे अडखळलो ते सांगेन. ही वस्तू दुर्मीळ आहे आणि तिला पैसे मोजणं योग्यच आहे. याउलट 'आमच्या फार्मवर या, तुमच्यातला लेखक जागा होईल' हे विकणारा माणूस घोड्यांचा फोटो विकत असतो. तिथला घोडा शांत उभा असतो, कारण त्याला चारा मिळालेला असतो, आणि तो चारा आपल्या फीमधून आलेला असतो.

ह्यूस्टन पहिल्या प्रकारात मोडते असं मला वाटतं. आगीची ती रोजनिशी लिहिणारी बाई दुसऱ्याची वीस पानंही त्याच लक्षाने वाचत असेल. म्हणूनच तिच्याकडून जास्त अपेक्षा आहे. 'डीप क्रीक' जरूर वाचा. अल्मनॅकच्या तुकड्यांवर भाळा, पण तिथे थांबू नका. रँच विकत घेण्याचा भाग आणि आगीचा भाग सलग वाचा. आणि त्यानंतर कधी डोंगर-घोड्यांच्या फोटोखालची लिंक उघडलीत, तर फी भरण्याआधी एवढंच विचारा: माझी किती पानं वाचली जाणार, आणि ती कोण वाचणार?