वेचा, बाड आणि वही : उताऱ्यांच्या खासगी संग्रहाविषयी

परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ साली ‘नवनीत’ सिद्ध केले, तेव्हा मराठी कवितांच्या निवडक भागांसाठी त्यांनी ‘वेचे’ हा शब्द योजला. शब्द शेतातला आणि रानातला आहे. शेंगा वेचतात, सरपण वेचतात, पहाटे झाडाखाली पडलेली मोहाची फुले वेचतात. वेचणारा जे उचलतो त्याइतकेच, जे मागे ठेवतो तेही त्याच्या निवडीचा भाग असते. ‘नवनीता’सारख्या छापील वेच्यांचा आपल्या वाङ्मयेतिहासाने पुरेसा विचार केला आहे. परंतु एखादा वाचक आपल्या वाचनातून उतारे निवडून स्वतःच्या हाताने, स्वतःपुरते जे लिहून ठेवतो, त्या वहीकडे समीक्षेने रचनाप्रकार म्हणून पाहिलेले नाही. पाठचिकित्सकाला ती साधन म्हणून हवी असते, चरित्रकाराला पुरावा म्हणून. ती स्वतः एक संहिता आहे आणि तिचे काही रचनानियम आहेत, ही गोष्ट मात्र बाजूलाच राहिली आहे.

या संहितेचे घटक कोणते? प्रथमदर्शनी ते मुक्तकासारखे वाटतात. मुक्तक पूर्वापरनिरपेक्ष असते. अमरूच्या एकेका मुक्तकात आनंदवर्धनाला प्रबंधाचे सामर्थ्य दिसले ते यामुळेच. वहीतला उतारादेखील एकटाच उभा असतो. पण दोहोंत मूलभूत भेद आहे. मुक्तक जन्मतःच सुटे असते, उतारा मात्र सोडवलेला असतो. त्याच्या कडांना तुटल्याच्या खुणा असतात : ‘म्हणून’ने सुरू होणारे वाक्य, कोणाकडे बोट दाखवते हे न कळणारे ‘तो’ हे सर्वनाम, पात्राच्या तोंडी असलेले पण लेखकाच्या नावावर नोंदले गेलेले विधान. या खुणा जितक्या पुसल्या जातील तितका उतारा ‘सुविचार’ होत जातो. आपल्या शाळांतील परिपाठाच्या वेळी फळ्यावर लिहिला जाणारा सुविचार ही या प्रक्रियेची शेवटची पायरी होय. तेथे ग्रंथ नसतो, प्रसंग नसतो आणि पुष्कळदा कर्ताही नसतो. काशिनाथ पांडुरंग परब यांनी निर्णयसागरसाठी संपादित केलेल्या ‘सुभाषितरत्नभाण्डागारा’तही असंख्य श्लोक अनाम आहेत हे खरे. परंतु सुभाषिताची अनामता ही त्याने केलेल्या दीर्घ प्रवासाची मिळकत असते. फळ्यावरच्या सुविचाराने असा प्रवास केलेलाच नसतो.

मराठीत या वहीला एक जुना पूर्वज आहे. तो म्हणजे बाड. आखूड बाजूला शिवलेले, उभट, कीर्तनकाराला वा गोसाव्याला सहज बरोबर नेता येईल असे हे हस्तलिखित पोथीहून सर्वस्वी निराळे. पोथीला आरंभ, समाप्ती, पुष्पिका असते आणि तिचा एक ग्रंथ असतो. बाडात नामदेवाच्या शेजारी कबीर येतो, त्याखाली एखादे आख्यानाचे टाचण, मग औषधाचा पाठ, कधी देण्याघेण्याचा हिशेबसुद्धा. क्रिश्चन नोवेत्झके यांनी नामदेवपरंपरेवरील आपल्या २००८ च्या ग्रंथात बाड आणि पोथी यांतील हा भेद नेमका टिपला आहे : बाडातील लेखन कीर्तनाच्या दिशेने, म्हणजे उच्चाराच्या दिशेने उभे असते. कागदावर जे आहे ते अर्धेच. उरलेले अर्धे कीर्तनकाराच्या कंठात आणि समोरच्या श्रोत्यांत आहे. त्यामुळे बाडातील ‘चुका’, वगळलेली कडवी, बदललेले शब्द हे पाठचिकित्सकाला सतावणारे प्रकार एका अर्थी त्या त्या प्रयोगाच्या नोंदी ठरतात. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शं. श्री. देव यांनी जमवलेली रामदासी बाडे चाळणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही. लेखनक्रियेवर दासबोधात एक संपूर्ण समास खर्ची घालणाऱ्या समर्थांच्या परंपरेतच बाडांची ही विपुलता आढळावी, हाही योगायोग नव्हे.

बाडामागे एक आणखी जुनी वही आहे. ती कागदाची नाही. आपण संतांची वचने पाठ केली, असे तुकोबा आपल्या आत्मपर अभंगात सांगतात. कवित्वाच्या आधी संग्रह आहे, आणि तो स्मरणात आहे. पुढे त्यांच्याच वह्यांची इंद्रायणीतली कथा आपण सारे जाणतो. संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांच्या आधारे ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध करणारे वि. ल. भावे हे ठाण्याचे. ‘अस्सल’ या त्यांच्या विशेषणावर वाद होऊ शकतो, परंतु ऐकून लिहून घेणाऱ्याच्या वहीला त्यांनी दिलेले प्रामाण्य महत्त्वाचे आहे. बहिणाबाईंच्या कवितेचेही तसेच. सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवले नसते, तर १९५२ चा संग्रह निघालाच नसता. दोन्ही ठिकाणी लिहिणारा हात आणि बोलणारे मुख वेगवेगळे आहेत.

विसाव्या शतकातील सुशिक्षित वाचकाची वही या परंपरेपासून बरीच दूर गेली. ती मुक्याने वाचण्यासाठी आहे आणि तिचा श्रोता वहीचा मालकच आहे. वि. स. खांडेकरांच्या कादंबऱ्यांतील वाक्ये उतरवून घेणाऱ्या वाचकांच्या पिढ्या महाराष्ट्राने पाहिल्या. येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हणायला हवी. खांडेकरांचे गद्य वहीत जाण्यासाठी जणू तयारच असते. परिच्छेदाच्या अखेरीस येणारे, उपमेवर तोललेले, सर्वसामान्य सत्य सांगणारे विधान कथनाच्या ओघातून अलगद निघते. निघताना काही तुटत नाही, कारण ते मुळात जोडलेलेच सैल असते. व. पु. काळे यांनी तर ‘वपुर्झा’ रचून वाचकाचे काम स्वतःच केले. लेखकानेच आपल्या लेखनाची वेचक वही छापून वाचकाच्या हाती दिली. हा आपल्या वाङ्मयव्यवहारातील एक लक्षणीय प्रसंग असून लोकप्रियतेच्या नावाखाली त्याची बोळवण करणे योग्य नाही. वाचनपद्धती लेखनपद्धती घडवते, याचे इतके उघड उदाहरण क्वचित सापडेल. उलट ज्यांच्या गद्यातून एक वाक्य उपटले तर माती लागूनच येते, असे लेखक या वह्यांत जवळजवळ नसतात. वहीची निवड ही वाङ्मयीन गुणवत्तेची कसोटी ठरू शकत नाही, ती यामुळे.

संहिता म्हणजे अवतरणांचे विणलेले वस्त्र, हे रोलाँ बार्थचे प्रतिपादन आपल्याकडे पुष्कळदा उद्धृत होते (बहुधा कोणाच्या तरी वहीतूनच). वाल्टर बेन्यामिनने तर पॅरिसच्या आच्छादित बाजारगल्ल्यांवरील आपला प्रकल्प उताऱ्यांच्याच राशीतून उभारायला घेतला होता. बेन्यामिनच्या उताऱ्याला आपल्या तुटलेपणाची जाणीव आहे. सुविचार ते तुटलेपण झाकतो. एवढा भेद आपल्यापुरता पुरे.

हा प्रश्न निव्वळ सैद्धांतिक राहत नाही, तो ‘वही’ या वस्तूचा इतिहास जेथे वेगळा आहे अशा प्रदेशात. डहाणू आणि तलासरी हे तालुके २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहेत. येथील वारली समाजाच्या अनुभवात वही ही प्रथम सावकाराची होती. तिच्यात दुसऱ्याने लिहायचे आणि आपण अंगठा उठवायचा. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी राबणारा ‘लग्नगडी’ आणि वेठबिगार यांच्याविषयी डी. सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात लिहिले, आणि १९४५ पासूनच्या किसान सभेच्या लढ्याने ती व्यवस्था मोडली. ‘उतारा’ या शब्दालाही या भागात पहिला अर्थ सातबाराचा आहे. ग्रंथातला उतारा त्यानंतर येतो. ज्याच्या नावाचा उतारा निघत नाही त्याची जमीन नाही. ज्याच्या बोलण्याचा उतारा निघत नाही त्याचे काय, असा प्रश्न त्याला लागूनच उभा राहतो.

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० चे पुस्तक सामान्यतः चळवळीचा इतिहास किंवा आत्मकथन म्हणून वाचले जाते. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तलासरीच्या महाविद्यालयाला आज लेखिकेचेच नाव आहे. मला ते ऐकण्याचे पुस्तक वाटते. शहरातून आलेली, कायदा शिकलेली स्त्री येथे पाड्यापाड्यांतून ऐकत हिंडते. पुस्तकाचे बळ त्यातील विश्लेषणाइतकेच, भोगणाऱ्यांनी आपल्या तोंडाने सांगितलेल्या हकिगतींत आहे. मात्र त्या हकिगती लेखिकेच्या प्रमाण मराठी निवेदनात बसवलेल्या आहेत. त्यांची निवड, क्रम आणि अर्थ चळवळीच्या दिशेने वळलेला आहे. हा दोष म्हणून मी सांगत नाही. कीर्तनकाराच्या बाडाला जशी कीर्तनाची, तशी या वेच्यांना लढ्याची दिशा आहे. सावकाराच्या वहीनंतर या प्रदेशाच्या वाट्याला आलेली ही दुसरी वही.

आणि जे वहीत मावत नाही तेही येथे आहे. वारली लग्नात चौक लिहिला जातो त्याप्रसंगी धवलेरी गाते. तिचे गाणे पाठ आहे, पण ते केव्हाही म्हणायचे नसते; त्याला लग्न लागते, चौक लागतो, पालघट लागते. कवितेला संदर्भ ‘असतो’ असे आपण म्हणतो. येथे संदर्भावाचून गाणे नसतेच. कविता महाजन यांनी संपादित केलेल्या वारली लोकगीतांसारखे संग्रह म्हणूनच मोलाचे असूनही वाचताना एक रितेपण जाणवत राहते, आणि ते संपादनाचे न्यून नसून छपाईची मर्यादा आहे.

या भागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या वह्या पाहण्याचा योग येतो. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोचलेली ही पहिली व्यक्ती असते. अशी एक वही दोन बाजूंनी लिहिलेली होती. पुढून खांडेकर, वपु, बाबासाहेबांची काही वाक्ये. प्रत्येकाखाली नाव, पण ग्रंथ वा पृष्ठ नाही. वही उलटी करून मागून सुरुवात केली की लग्नात ऐकलेल्या ओळी, काही म्हणी, आजीची काही वाक्ये; त्यांच्याखाली कर्त्याचे नाव नाही, पण पाडा, कोणाचे लग्न, कोणता महिना हे काटेकोर नोंदलेले. पुढच्या बाजूला कर्ता आहे आणि प्रसंग नाही. मागच्या बाजूला प्रसंग आहे आणि कर्ता नाही. उद्धृताचे दोन वेगळे सिद्धांतच एका पुठ्ठ्यात बांधलेले होते. आपली प्रबंधलेखनाची शिस्त यांतील फक्त पहिला ओळखते, आणि तोही पृष्ठक्रमांक असेल तर.

मागच्या बाजूचे पहिले पान आधी प्रमाण मराठीत लिहिलेले होते. ते खोडून त्याखाली तेच वारलीत लिहिले होते. काही उच्चारांसाठी देवनागरीत काय करावे हे न सुचल्याने एका शब्दाची तीन रूपे शेजारीशेजारी होती, त्यांतील एकही खोडलेले नव्हते. समासात पेन्सिलीने धवलेरीच्या पाड्याचे नाव होते आणि लग्न उरकल्यावर तिला विचारून हे लिहिल्याची नोंद होती.