केंद्र कोणाचे? साहित्याच्या अभ्यासक्रमाचे राजकारण

साहित्याच्या अभ्यासक्रमात कोणती पुस्तके आहेत याची यादी तुम्हाला सत्राच्या सुरुवातीला मिळते. ती यादी कोणी ठरवली, आणि काय वगळून ठरवली, हे तिच्यात लिहिलेले नसते. शिक्षणाचे निर्वसाहतीकरण म्हणजे वसाहतकाळात तयार झालेली ज्ञानाची उतरंड मोडणे. त्याची सुरुवात या न लिहिलेल्या भागापासून करावी लागते.

आधी आपल्याकडचा इतिहास पाहू. 1835 चे मेकॉलेचे टिपण सर्वांना ठाऊक असते. गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ (1989) या ग्रंथात त्यापुढची गोष्ट दाखवली. इंग्लंडमध्ये इंग्रजी साहित्य हा विषय विद्यापीठांत रुजण्याआधीच तो भारतात शिकवला जात होता. धार्मिक तटस्थतेच्या धोरणामुळे सरकारला बायबल उघडपणे शिकवता येत नव्हते. मग राज्यकर्त्यांची नैतिक श्रेष्ठता मनावर ठसवण्याचे काम साहित्याकडे आले. म्हणजे या विषयाला राजकारण नंतर चिकटलेले नाही, ते जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे.

या रचनेला सर्वांत थेट आव्हान केनियात मिळाले. 1968 मध्ये नैरोबीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंग्रजी विभागाच्या विकासाचा प्रस्ताव मांडला गेला. त्यात इतर साहित्यांना जागा होती, पण एका संस्कृतीचे ऐतिहासिक सातत्य अभ्यासण्यासाठी इंग्रजी मध्यभागीच राहणार होते. न्गुगी वा थिओंगो, हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि ताबान लो लियोंग या तिघांनी उलट प्रश्न केला: एकाच संस्कृतीचे सातत्य शिकवायचे असेल, तर ती आफ्रिकी का नको? इंग्रजी विभागच रद्द करावा, आफ्रिकी साहित्य केंद्रस्थानी आणावे आणि मौखिक परंपरेला मानाचे स्थान द्यावे, अशी त्यांची मागणी होती. युरोपीय साहित्य हाकलून द्या, असे ते म्हणत नव्हते. आपण इथे उभे राहून तिकडे पाहावे, तिथे उभे राहून स्वतःकडे नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढे तिथे इंग्रजी विभागाच्या जागी साहित्य विभाग आला.

या भूमिकेचे बळ मान्य करूनही तिची मर्यादा पाहायला हवी. भूमितीतील एक साधी गोष्ट आठवा. मूलबिंदू सरकवला की प्रत्येक बिंदूचे निर्देशक बदलतात, पण दोन बिंदूंमधले अंतर बदलत नाही. केंद्र लंडनहून नैरोबीला किंवा दिल्लीला आणले, तरी आपल्याच समाजातली अंतरे तेवढीच राहू शकतात. न्गुगींनाही हा अनुभव आला. 1977 मध्ये कामिरीथू गावात शेतकरी आणि कामगारांनी त्यांचे गिकुयू भाषेतले नाटक सादर केले. प्रयोग बंद पाडले गेले आणि वर्षाअखेरीस न्गुगींना खटल्याविना स्थानबद्ध केले गेले. हे करणारे सरकार ब्रिटिश नव्हते, स्वतंत्र केनियाचे होते.

महाराष्ट्रात हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी 1885 मध्येच विचारला होता. मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण त्यांनी नाकारले. जे इतरांचे मानवी हक्क मान्य करत नाहीत, त्यांच्या सभा आणि पुस्तके आमच्याशी जुळत नाहीत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. भाषा एकच होती, ‘आपले साहित्य’ मात्र एक नव्हते.

आता जवळचे उदाहरण. 2021 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या इंग्रजी ऑनर्सच्या अभ्यासक्रमातून बामा आणि सुकीर्तराणी या तमिळ दलित लेखिकांचे लेखन आणि महाश्वेता देवींची ‘द्रौपदी’ ही कथा वगळण्यात आली. कोठडीतल्या अत्याचारानंतरही न झुकणाऱ्या आदिवासी स्त्रीची ती कथा आहे. या तिन्ही लेखिका भारतीय आहेत. ‘परकीय विरुद्ध स्वकीय’ एवढीच मोजपट्टी हाती असेल, तर या वगळण्याचा अर्थच लागत नाही.

म्हणून ‘भारतीय ज्ञानपरंपरा’ हे शब्द अभ्यासक्रमात दिसले की लगेच विरोध करू नका आणि लगेच टाळ्याही वाजवू नका. आधी तीन गोष्टी तपासा. त्या परंपरेत ओवी, लोककथा आणि श्रमिकांची गाणी यांना साहित्य म्हणून जागा आहे का, की फक्त संस्कृत ग्रंथांना? दलित, आदिवासी आणि स्त्रियांचे लेखन पहिल्या घटकात आहे, की वेळ कमी पडला तर गाळता येईल अशा शेवटच्या घटकात? आणि परीक्षेत त्या लेखनावर काय विचारतात: लेखिकेने मांडलेला वाद, की फक्त ‘कवितेतून मिळणारा संदेश’?

तिसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते. पुस्तक अभ्यासक्रमात ठेवूनही त्यातला प्रश्न पाच गुणांच्या टिपेत मारता येतो. पुस्तक वगळले की निदान बातमी होते, याची बातमीही होत नाही. ते वर्गात ओळखणे तुमच्या हातात आहे.