सावलीची भरपाई

मध्ययुगीन युरोपीय संगीताची परिभाषा म्हणजे केवळ स्वरांची परिभाषा, असे मानून ती वाचण्याची पद्धत मला मान्य नाही. त्या परिभाषेत माणसांची उतरंडही नोंदलेली आहे. ‘मुसिकुस’ आणि ‘कांतोर’ या दोन लॅटिन संज्ञाच घ्या. मुसिकुस म्हणजे संगीतज्ञ, कांतोर म्हणजे गाणारा. हे दोघे एका पंक्तीतले नव्हेत, असे मध्ययुगीन ग्रंथकार पुन्हा पुन्हा बजावतात.

या भेदाचे मूळ बोएथियसच्या सहाव्या शतकारंभीच्या संगीतग्रंथात आहे. त्याने तीन वर्ग केले: वाद्य वाजवणारे, गीत रचणारे आणि या दोघांचे काम बुद्धीने पारखणारे. खरा संगीतज्ञ तिसराच. वाजवणारा दासासारखा राबतो, रचणारा उपजत प्रेरणेने रचतो. म्हणून दोघेही ज्ञानाबाहेर. हातांनी राबायचे आणि डोक्याने निवाडा द्यायचा! हे तत्त्व आपल्याला कोणी समजावून सांगायला हवे काय?

अकराव्या शतकात आरेत्सोच्या ग्वीदोने रेघांवर स्वर लिहिण्याची पद्धत रुजवली. उत्, रे, मी, फा, सोल, ला ही स्वरनामे दिली. कधी न ऐकलेले गाणे लहान मुलगाही पाहून गाऊ लागला. ज्ञान गुरूच्या मुखातून सुटले, हे ग्वीदोचे मोठे ऋण. पण समजल्यावाचून गाणाऱ्याला त्यानेही पशूंत ढकलले. शिवाय ही लिपी मठात आणि चर्चमध्ये वाढली. जत्रा-बाजारांत गाणाऱ्या भटक्या कलावंतांचे बहुतेक गाणे लिपीबाहेरच राहिले.

तेराव्या शतकातील ‘साक्सेनश्पीगेल’ हा जर्मन कायदेग्रंथ तर सांगतो की, भटक्या वादकावर अन्याय झाल्यास भरपाई म्हणून त्याला माणसाची सावली द्यावी! पेशवाईत आमची सावली विटाळ ठरली. तिथे वादकाच्या पदरात सावलीच पडली. दोन्ही व्यवस्था एकच होत्या, असे मी म्हणत नाही. पॅरिसच्या वादकांना १३२१ साली स्वतःचा व्यवसायसंघ उभारता आला. ती वाट जातीने आपल्याला बंद केली होती.

आजही आंबेडकरी जलसा ‘प्रचार’ ठरतो, शाहिरी ‘लोककला’ ठरते आणि बैठकीतले तेवढे ‘संगीत’. हलगीवरच्या हाताला शास्त्र नसते, असे म्हणणारा समीक्षक बोएथियसचीच री ओढत असतो. संज्ञा जरूर शिकाव्यात. मात्र प्रत्येकीला विचारावे, तुला घडवताना बाहेर कोणाला ठेवले?